मुठीतली सुपारी

कोपरगाव,
१२ ऑगस्ट १९७२

प्रिय नीलू,

तुझ्या भाषणाचं कात्रण ह्यांनी फॅक्टरीतून आणलं. ह्यांच्या ऑफिसात नगरचा पेपर दुसऱ्या दिवशी येतो, सगळे वाचतात आणि मग कुणीतरी त्यात भाकरी गुंडाळून नेतो. तू भाकरीच्या आधी सुटलीस. 'प्रा. नीलांबरीबाईंची अभिनव वादपद्धती' असा मथळा आहे. अभिनव हा शब्द मी पुन्हा पुन्हा वाचला आणि मग आमटी उतू गेली म्हणून उठले.

पेपरवाल्यांना माहीत नसेल तर नसो, पण तुला तरी आठवतं का गं, ही पद्धत कुणाची? माझ्या वडिलांची. जुने शास्त्री तीन तऱ्हेने भांडत, हे आप्पांनी आपल्या दोघींना एकाच सतरंजीवर बसवून शिकवलं. खरं काय ते शोधायला घातला तो वाद, जिंकायला घातला तो जल्प, आणि स्वतःचं काहीच न मांडता समोरच्याचं नुसतं पाडत सुटायचं ती वितंडा. 'नगरपालिकेत आणि निवडणुकीत आज नुसती वितंडा चालते' हे तुझं वाक्य चौकटीत छापलंय. ते आप्पांचं आहे, बावन्न सालच्या निवडणुकीतलं. मी तेव्हा दारात उभी राहून ऐकलं होतं.

आणि दसऱ्याच्या वादसभेतली ती सुपारी, तीही तू भाषणात सांगितलीस म्हणे, टाळ्या पडल्या म्हणे. ज्याचं खोडायचं त्याचं म्हणणं आधी त्याच्याहून नीट मांडायचं, म्हणजे पूर्वपक्ष करायचा. त्याचं समाधान झालं की त्याने त्याच्यापुढची सुपारी आपल्याकडे सरकवायची. ती सरकेपर्यंत उत्तर द्यायचा हक्क नाही. दत्तमंदिराच्या मंडपात आप्पा वीस वर्षं हे करताहेत. तेव्हा कुणी पेपरात घातलं नाही.

तुला वाटेल इंदूच्या पोटात दुखतंय. दुखतंयच. होळीला अर्धांगाचा झटका येऊन आप्पांचा उजवा हात गेला आणि त्यांची पत्रं तू लिहायला लागलीस. पाकीट फोडलं की 'चि. इंदूस अनेक आशीर्वाद' हे तुझ्या सुबक अक्षरात दिसतं. बापाचा आशीर्वाद शेजारणीच्या अक्षरात वाचायचा म्हणजे काय असतं, ते तुला नाही कळायचं.

यंदा ते सभेचं आसन सोडणार आहेत असं मागच्या पत्रात होतं. कुणाला देणार ते तुला ठाऊक असेलच, तुझ्याच हाताने लिहिलं जायचंय.

तुझी,
इंदू

*

नगर,
२१ ऑगस्ट १९७२

प्रिय इंदू,

तुझं पत्र मिळालं. अभिनव हा शब्द वार्ताहराचा. मी व्यासपीठावरून आप्पांचं नाव घेतलं होतं, 'माझे गुरू दत्तोपंतशास्त्री' असं, आणि एकदाच नाही. त्याने ते गाळलं याला मी काय करू? खुलासा पाठवला आहे. छापतील तेव्हा मार्तंडरावांना तेही कात्रण आणायला सांग, भाकरीच्या आधी.

आप्पांची तब्येत जशी होती तशीच आहे. बोलतात, पण शब्द शोधत बोलतात. मालनबाई दोन्ही वेळचं करून जातात. मी कॉलेज सुटलं की जाते, दिवेलागणीपर्यंत थांबते. त्यांच्या अक्षराची मलाही आठवण येते. तुझ्याइतकी नसेल.

यंदाच्या सभेचा विषय त्यांनी ठरवला आहे. पाऊस असाच दडी मारून बसला तर कालव्याचं पाणी उसाचं बंद करून टोकाच्या गावांना ज्वारीसाठी आणि प्यायला द्यावं की नाही. वाद पुरा झाला तर सभेचा ठराव कलेक्टरसाहेबांकडे जाणार, कालव्याच्या उन्हाळी पाळ्या, म्हणजे पाणी कुणाला कधी ते, ठरायच्या आत. त्यांनी तो मागून घेतला आहे. इतक्या वर्षांत पहिल्यांदा सभेतल्या बोलण्याला बाहेर कुणी विचारतंय, म्हणून आप्पा उतावीळ आहेत.

टोकाच्या गावांच्या बाजूने मी बोलणार आहे. उसाच्या बाजूने उभं राहायला कुणी मिळत नाही. कारखान्याचे लोक म्हणतात आम्हाला सभेत येऊन शिव्या कशाला खायच्या. आप्पा म्हणाले, इंदूला विचार. मीच म्हटलं, तिला घरचं किती असतं, दोन मुलं, सासूबाईंचं पथ्य, ती कुठे हे सगळं वाचून येणार? तेव्हा तिकडचं कुणी सुचव. मार्तंडरावांच्या ओळखीत कुणी बोलणारा असेल.

आसनाबद्दल त्यांनी मला काही सांगितलेलं नाही. मी विचारलेलंही नाही.

तुझी,
नीलांबरी

*

कोपरगाव,
३० ऑगस्ट १९७२

नीलांबरीबाई,

उसाच्या बाजूने बोलणारं माणूस मिळालं. नाव लिहून घ्या: सौ. इंदू मार्तंड. घरचं मला किती असतं ते मी बघते. आप्पांनी माझं नाव काढलं आणि तू ते परस्पर खोडलंस, हे वाचून मला दोन दिवस जेवण गेलं नाही. त्यांनी इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला सभेत बोलव म्हटलं आणि तू त्यांना माझ्या सासूचं पथ्य सांगितलंस.

मी कामाला लागले आहे. पोथ्या तुझ्याकडे, पण ऊस माझ्याकडे. गावाबाहेर रतनबाई म्हणून आहेत, नवरा नाही, तीन एकर रान, सगळा ऊस. आमच्याकडे दूध घालतात. त्यांना म्हटलं, तुमचं पाणी बंद करा म्हणतात, काय सांगू मी नगरला? त्या चरवी खाली ठेवून म्हणाल्या, "ऊस काय हौसंनं लावला व्हय बाई? बाजरीवर पोराची फी भरंना, म्हनून लावला. उभा ऊस वाळला तर यंदाचा जातोच, त्येच्या बुडख्यावर फुटायचा फुडला खोडवा बी जातो. दोन वरसाचं घर उठतं माजं. ज्वारीला द्या म्हनत्यात, द्या की, पर मला इचारून द्या."

हे कुठल्या ग्रंथात आहे का? मी रोज संध्याकाळी एकेक घरी जाते. सासूबाई म्हणतात सूनबाईंना इलेक्शनचं तिकीट मिळालंय वाटतं. हे म्हणतात, तू वाद घालायला निघालीस की नीलांबरीला पाडायला? मी म्हटलं, तुम्ही जेवा.

एवढं ध्यानात ठेव, नीलू. पहिली बोलणार तू, म्हणजे उसाचा पूर्वपक्ष तुला करावा लागणार, आणि तो पुरा झाला की नाही ते मी सांगणार. सुपारी माझ्यापुढे असेल.

इंदू

*

नगर,
२ ऑक्टोबर १९७२

प्रिय इंदू,

तू येणार हे आप्पांना सांगितलं. तेव्हापासून रोज विचारतात, कोपरगावची एस.टी. किती वाजता येते. मी रोज तेच सांगते, तरी विचारतात. काल मालनबाईंकडून तुझी जुनी लोकरीची शाल उन्हात घालून घेतली, ऑक्टोबरच्या उन्हाळ्यात. माझ्यासाठी त्यांनी कधी काही उन्हात घातल्याचं मला आठवत नाही. असो.

मी रविवारी टोकाच्या एका गावी जाऊन आले. विहिरींत उतरून वाटीने पाणी भरताहेत. बायका खडी फोडायच्या कामावर, रेशनला परदेशी लाल मिलो ज्वारी. कडूबाई म्हणून एक आजी भेटल्या. त्यांचं रान कालव्याला लागून आहे, पण पाणी तिथवर पोचतच नाही. म्हणाल्या, "पाटाला पानी सुटलं असं आमी निस्तं आईकतो. दिसलं न्हाई कवा." त्या आणि गावची दहा-बारा माणसं सभेला येणार आहेत, कामाचा एक दिवस मोडून.

तू तयारी चांगली केली आहेस हे पत्रावरून कळलं. मीही करते आहे. पोथ्यांपुरतं मला काही येतं असं तू समजतेस, ते समज.

दसऱ्याला भेटू.

नीलांबरी

*

कोपरगाव,
२६ ऑक्टोबर १९७२

नीलू,

मी न भेटता निघाले याचा तू काय अर्थ काढलास ते मला माहीत नाही, पण नगरात काय बोलतात ते ह्यांच्या कानावर आलंय. शास्त्रीबुवांच्या मुलीने सभा मोडली. तेव्हा माझी बाजू ऐक.

नियम कुणी मोडला? मी नाही. तू उसाचा पूर्वपक्ष केलास, मी म्हटलं अपुरा आहे. तू कर्जाचं आणि कारखान्याच्या शेअर्सचं सांगितलंस, उसाच्या माणसाचं नाही. ते खरंच अपुरं होतं. तू पुन्हा मांडलंस. मी म्हटलं, अजून नाही. त्यातही थोडं राहिलं होतं, तूही मान हलवलीस. मग तू पदर खोचलास आणि तिसऱ्यांदा बोललीस.

तिसऱ्यांदा तू रतनबाईच बोललीस. तू त्यांना बघितलं नाहीस, मी तुला लिहिलं ते एवढंसं. पण खोडवा, पोराची शाळा, आणि 'मला विचारून द्या' यातली ती अढी, सगळं. मंडपात मागे कारखान्याची चार माणसं उभी होती, त्यांनी माना डोलावल्या. सगळे माझ्या हाताकडे बघायला लागले.

मी सरकवणार होते. खरं सांगते, सुपारी मी हातात घेतली होती. तेवढ्यात मी आप्पांकडे बघितलं. डोळे मिटून त्यांची मान हलत होती. तू तेरा वर्षांची असताना धडा म्हणायचीस तेव्हा हलायची तशी. माझ्यासाठी ती मान कधी हलली नाही, नीलू. मी म्हणायचे तेव्हा ते डोळे उघडे ठेवून चुका मोजायचे. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मी म्हटलं, "अजून अपुरं आहे."

किती वेळा नाही म्हणायचं हे नियमात कुठे आहे? नाही ना? मग तू हात जोडून खाली बसलीस हे तू केलंस. वाद मी जिंकले होते. आणि आप्पा काय म्हणाले? "आज वाद झालाच नाही." मालनबाईंचा हात धरून ते उठले आणि माझ्याकडे न बघता घरी गेले. माझी शाल घरी खुंटीवरच राहिली. ती वापरा कुणीतरी.

इंदू

*

नगर,
१४ नोव्हेंबर १९७२

प्रिय इंदू,

तुझ्या पत्रातलं सगळं खरं आहे. एक राहिलं ते सांगते. तू मंडपाच्या पायऱ्या उतरत होतीस तेव्हा कडूबाईंनी तुला गाठून विचारलं, "आमचं कवा बोलनार, बाई?" मी मागेच उभी होते. तू तशीच उतरून एस.टी.कडे गेलीस. त्यांनी मग मला विचारलं. मीही पाठ फिरवून मंडपात गेले. ठराव गेला नाही. उसाच्या बाजूचा गेला नाही आणि ज्वारीच्या बाजूचाही नाही. वितंडेवर भाषण देऊन टाळ्या घेणाऱ्या बाईपुढे हे घडलं.

दुसरं म्हणजे सुपारी हरवली आहे. आप्पांच्या गुरूंची ती, बोटांनी गुळगुळीत झालेली. मालनबाईंनी सतरंज्या झटकून पाहिल्या, मंडपाचा कोपरा न् कोपरा झाडला. आप्पा म्हणतात ती मिळाल्याशिवाय सभा नाही. मी म्हटलं बाजारातून दुसरी आणू. ते माझ्यावर रागावले, आयुष्यात पहिल्यांदाच.

आता तुझा राग. आपल्याला एकच रीत शिकवली आहे, तेव्हा तुझं म्हणणं मी मांडते. अपुरं असेल तर सांग.

मी इंदू. बाप माझा, घर माझं, पण सतरंजीवरची जागा माझी नव्हती. धडा रंगात आला की आप्पा म्हणायचे, इंदू, चहाचं बघ. नीलूला कधी म्हणाले नाहीत, कारण ती परक्याची मुलगी, बाप वारलेली, शिकायला आलेली. मी चहा घेऊन येईपर्यंत धडा पुढे गेलेला असायचा. मग चुका व्हायच्या, मग आप्पा त्या मोजायचे. चुका माझ्या नव्हत्या, चहाच्या होत्या, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. नीलूच्या आलं होतं. ती बोलली नाही. एकोणिसाव्या वर्षी मला उजवून दिलं आणि तिला कॉलेजात घातलं. तिच्यावर त्यांनी विद्या खर्च केली, माझ्यावर लग्न. आता ती पेपरात येते. माझा बाप माझ्याशी बोलतो तोही तिच्या हाताने. एका दिवसापुरती तिची वाट माझ्या हातात होती. मी ती सोडली नाही. का सोडू?

एवढं झालं. याला माझं उत्तर आहे, पण ते मी लिहीत नाही. तुझी सुपारी सरकेपर्यंत मला हक्क नाही.

नीलांबरी

*

कोपरगाव,
३ डिसेंबर १९७२

नीलू,

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी ते चूक शोधायला वाचलं. एक सापडली. चहा नव्हता. आप्पांना तेव्हा चहा चालत नसे, गूळपाणी आणि फुटाणे असायचे. फुटाणे भाजायला चहाहून जास्त वेळ लागतो, म्हणजे धडा तू लिहिलास त्याहून पुढे गेलेला असायचा. एवढी दुरुस्ती कर. बाकी, 'चुका माझ्या नव्हत्या' हे वाक्य वाचून मी चुलीपुढे बसून रडले. सासूबाईंना वाटलं नगरहून वाईट बातमी आली.

एक मात्र तूही लबाडी केलीस. तुझ्या लक्षात आलं होतं आणि तू बोलली नाहीस, हे माझ्या तोंडी घालून मोकळी झालीस. ते तुझ्या तोंडचं आहे. म्हणून आता तुझं मी मांडते.

मी नीलांबरी. मला विद्या मिळाली, पण दिवे लागले की चपला शोधून घरी जावं लागायचं. मागे इंदू आप्पांच्या ताटात भात वाढते आहे हे दारातून दिसायचं. फुटाणे आणायला ती गेली की मी गप्प बसायचे, कारण तेवढा वेळ आप्पा एकटे माझे असायचे. ती सासरी गेली तेव्हा मी मांडवात रडले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांच्याकडे गेले. पण ते एस.टी.ची वेळ विचारतात ती तिची. शाल उन्हात घालतात ती तिची. त्यांनी तिला सभेत बोलव म्हटलं तेव्हा मी तिच्या सासूचं पथ्य काढलं. या हाताने मी किती वेळा 'चि. इंदूस' लिहिलं. 'चि. नीलूस' असं पत्र मला कधी आलं नाही. यायचं कुठून? ते लिहायला मीच समोर बसलेली.

अपुरं असेल तर सांग. सांगणार नाहीस, मला माहीत आहे.

या पत्राबरोबर पुरचुंडी आहे. मालनबाईंना सांग, सतरंज्या झटकू नका. त्या दिवशी मूठ मिटली ती एस.टी.त बसून राहुरी गेलं तरी उघडली नव्हती. उघडली तेव्हा सुपारी आत होती. इतके दिवस ती मसाल्याच्या डब्यात ठेवली होती, लवंगांचा वास लागलाय, आप्पांनी हुंगली तर हुंगू दे. रतनबाईंना मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हंजी माजं बी बोलनं फुकाट गेलं की."

मी सुपारी सरकवते आहे, नीलू. दीड महिना उशिरा. तुझं तिसऱ्यांदाचं बोलणं पुरं होतं. आता तुला हक्क आहे, दे उत्तर.

तुझी,
इंदू

*

नगर,
१५ डिसेंबर १९७२

प्रिय इंदू,

माझं उत्तर असं होतं की तुला घर मिळालं आणि मला सतरंजी, तर तू कुरकुरतेस कशाला. तुझं पत्र वाचल्यावर ते उत्तर टिकत नाही. अपुरं काही नव्हतं.

पत्र मी आप्पांना वाचून दाखवलं. सगळं, माझ्याविषयीचंही, एकही ओळ न गाळता. फुटाण्यांपाशी त्यांनी हाताने थांब म्हटलं. मग सुपारी मागितली, डाव्या हाताने नाकाशी धरली, आणि म्हणाले लिहायला घे. खाली आहे ते त्यांचं. मी फक्त लिहिते आहे.

'चि. इंदू आणि चि. नीलू यांस अनेक आशीर्वाद. वीस वर्षं मी लोकांना दुसऱ्याचं म्हणणं मांडायला शिकवलं. घरातलं मी कधी मांडलं नाही. फुटाणे मला आवडत नाहीत, इंदूला कुणी तरी हे सांगायला हवं होतं. मी तिला उठवत असे, कारण ती बसली की तिच्याकडेच बघत राहायचा मोह व्हायचा आणि परक्याच्या मुलीवर अन्याय होईल अशी भीती वाटायची. त्यात दोघींवर झाला. संक्रांतीला सभा पुन्हा. विषय तोच, उन्हाळी पाळ्या अजून ठरायच्या आहेत. बाजू उलट. ज्वारीच्या बाजूने इंदू बोलेल, उसाच्या बाजूने नीलू. कडूबाई आणि रतनबाई, दोघींनाही आणा. सुपारी त्या दोघींपुढे ठेवायची. त्यांनी सरकवली तरच तुमचा वाद. आसनाचं त्यानंतर बघू.'

वरच्या ओळीत माझं नाव मी घातलेलं नाही, इंदू. त्यांनी सांगितलं. लिहिताना 'नीलू'चा दीर्घ वेडावाकडा आलाय, तेवढा सांभाळून घे. कागद तुझ्याकडे पाठवते आहे खरा, पण संक्रांतीला येताना परत आण. मला तो हवा आहे.

आणि तुझं नाव आधी आहे. त्यांनी तसंच सांगितलं, मी तसंच लिहिलं. ते मला अजून सलतंय.

तुझी,
नीलू